एकवीस टरफलं

हेतलनं बाटली निळ्या ट्रेमध्ये उलटी केली, आणि कॅप्सूल पडायच्या ऐवजी उडाल्या. वर पंखा जोरात फिरत होता. अर्धी पोपटी, अर्धी पांढरी अशी एकेक कॅप्सूल लाहीसारखी उचलली गेली. एक हेतलच्या फायलीत शिरली, दोन वजनकाट्याखाली गेल्या, एक वत्सलाच्या चपलेच्या पट्ट्याला येऊन टेकली. औषधाला वजन असतं, औषध असं उडत नाही, हे खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं. तरी क्षणभर तिघी नुसत्या बघत राहिल्या. वत्सलाच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बाई, आधी पंखा बंद करायचा असतो. सुरतेत, गोडादऱ्याच्या आपल्या खोलीत साडीवर टिकल्या चिकटवायला बसलं की ती पंखा बंद करायची, मग वैशाख असो की काही असो. टिकली उडाली की ती कुणाच्या केसात नाहीतर वरणात सापडते, आणि शेठ उरलेला माल परत मागतो. वीस वर्षं तिनं उरलेलं सगळं परत केलं होतं, रिकाम्या पुड्यासुद्धा. ती वाकून चपलेजवळची कॅप्सूल उचलायला गेली आणि कंबरेच्या हाडात ती ओळखीची कळ उठली, आतून कुणी दार ठोठावावं तशी. वाकलेल्या अवस्थेतच तिनं वर पाहिलं, आणि हेतलच्या तोंडावरून तिला कळलं की काहीतरी मोठं चुकलंय.

“मासी,” हेतल म्हणाली, “हे तर सगळा खाली छे.” नवसारीची ही पोरगी, दवाखान्यातल्या नव्या औषधाच्या ट्रायलचे कागद सांभाळायची, आणि पेशंट बायांकडून उचललेलं मराठी बोलायची.

“हो ना. रिकामीच हायेत.”

“दवा कुठे गेला?”

“पोटात. जाईल कुठं?”

दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ज्योती, वत्सलाची सून, कपाळाला हात लावून म्हणाली, “आई, मी बोलली होती ना तुम्हाला, टरफलं फेकून द्या.”

“फेकू नका म्हनली होती ही. बाटली, उरलेलं, सगळं परत आणा म्हनली. मंग?” वत्सलानं उचललेली कॅप्सूल ट्रेमध्ये ठेवली आणि ती पुन्हा उडू नये म्हणून तिच्यावर बोट धरून ठेवलं. “मोजून घे बाई. एकवीस हायेत. एकबी कमी न्हाई.”

हेतलनं पंखा बंद केला, दार लावलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मासी, मी असा लिहू? बाटलीमध्ये पाणी गेला, दवा बिगडी गयी. ठीक?”

“पाणी कुठं गेलं?”

“गेला नाही. पण लिहू.”

“मंग कामून लिहायचं?”

“नाही तर तुम्हाला ट्रायलमधून काढतील ना,” हेतल म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. वत्सलाला त्या पोरीची माया आली. पण तिनं ट्रेवरचं बोट उचललं नाही. “काढायचं तर काढू दे,” ती म्हणाली. “जे झालं ते लिही. म्या पोटात काय घेतलं त्याचा कागद हाय ना हा? मंग त्यात पाणी कशाला घालतीस?”

हेतल डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली. ट्रेमधली टरफलं आता शांत पडली होती, झाकणावर झाकण नीट बसवलेली, जशी वत्सलानं रोज सकाळी भुकटी काढून झाल्यावर बसवली होती. वाईट दिसू नये म्हणून. रिकामी वस्तूसुद्धा नीटनेटकी परत करावी म्हणून. आणि आता ती नीट बसवलेली टरफलंच तिच्यावर उलटली होती; उघडी असती तर निदान लबाडीसारखी दिसली नसती. काढतील, हा शब्द तिच्या कानात राहिला. कुठून काढतील? चार महिन्यांमागं दुसऱ्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो उजेडापुढं धरून सांगितलं होतं, छातीतला कॅन्सर आता हाडांत गेलाय, आता पथ्यपाणी सांभाळा आणि देवाचं नाव घ्या. तेव्हा तिला मरणाचं भय वाटण्याआधी राग आला होता, इतका की तिचा नवरा आनंदा, ज्याला लूमच्या खडखडाटानं दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, त्यालाही बाहेरच्या बाकावर तिचा आवाज पोचला होता. देवाचं नाव मी धडधाकट होते तवापासून घेते, ती म्हणाली होती. ते काय सलाईन आहे का मरायला टेकलं की लावायचं? त्या दिवशी घरी येताना आनंदा सारखा विचारत होता, काय म्हणाला, काय म्हणाला डॉक्टर, आणि तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, दुसरीकडं जा म्हणाला. आणि ते खोटं म्हणून सांगितलं तरी तसंच घडलं. दुसरीकडं, म्हणजे इथं.

इथं तिला पहिल्या दिवशी कागद वाचून दाखवले होते, एक तास, मध्ये चहा देऊन. रोजची पांढरी गोळी सगळ्या बायांना सारखीच. ती नेहमीची, वापरातली. तिच्या जोडीला ही कॅप्सूल, एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचं. निम्म्या बायांच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध आहे आणि निम्म्यांच्यात नुसती भुकटी, आणि कुणाच्यात काय ते ना तुम्हाला कळणार, ना मला, ना डॉक्टरांना. मशीननं चिठ्ठ्या टाकल्यात. जुन्या औषधाला नव्याची जोड दिली तर खरंच जास्त गुण येतो का, एवढंच बघायचंय, हेतल म्हणाली होती. ज्योतीचा चेहरा हे ऐकून पडला, पण वत्सलाला ते लगेच समजलं, इतकं लगेच की हेतलला वाटलं समजलंच नाही. ती मनातल्या मनात कीर्तनात समोर उभा राहून गाणारा एक माणूस बघत होती आणि त्याच्या मागं ओळीनं उभी असलेली झील धरणारी माणसं. बुवा चरण गातो, आणि शेवट मागच्यांच्या हवाली करतो. मागचे तो उचलतात, घोळवतात, आणि तेवढ्यात बुवा श्वास घेतो. मागं कुणी नसेल तर बुवा कितीही मोठा असो, अर्ध्या कीर्तनात धापा टाकतो. पांढरी गोळी म्हणजे बुवा. कॅप्सूल म्हणजे झील. आता मागच्या ओळीत उभी असलेली खरंच गातेय, का नुसतं तोंड हलवतेय, हे तपासायचं. यात न कळण्यासारखं काय आहे? तिनं अंगठा नको, सही करते म्हणून सांगितलं होतं, आणि वळणदार, शाळेतली, वसमतच्या मराठी चौथीतली सही केली होती.

नुसतं तोंड हलवणारीचं तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सत्तावीस वर्षांमागं ती लग्न होऊन वसमतेहून सुरतेत आली तेव्हा गोडादऱ्यात निम्मी वस्ती खानदेशी. त्यांचं बोलणं तिला कळायचं नाही आणि तिचं बोलणं ऐकून बाया पदर तोंडाला लावायच्या. नागनाथबुवांच्या कीर्तनात बायांच्या ओळीत ती जाऊन उभी राहिली ती गावाकडची एक ओळख म्हणून, कारण टाळ तरी सगळीकडं सारखाच वाजतो. पण आवाज काढायची लाज. सहा महिने तिनं तोंड हलवलं, आवाज घशाच्या आतच ठेवला. तिला वाटायचं कुणाला कळत नाही. नागनाथबुवा दिवसा पलसाण्याच्या कडेच्या एका डाइंगच्या कारखान्यात रंगाच्या हौदावर काम करायचे. शनिवारी कीर्तनाला उभे राहिले तरी कोपरापर्यंत हात रंगलेले असायचे, कधी हिरवे, कधी राणी, नखांत तर आठवड्याचे सगळे रंग. एका शनिवारी आख्यान लागलं समुद्रमंथनाचं, आणि त्या दिवशी त्यांचे हात गडद निळे होते. विष वर आलं, देव पळाले, दैत्य पळाले, आणि एकट्यानं ते ओंजळीत घेतलं, असं म्हणून बुवांनी ते निळे हात ओंजळ करून वर धरले, तेव्हा मांडवातली पोरं रडायची थांबली. गिळलं तर आतलं जग जळतं, बुवा म्हणाले, थुंकलं तर बाहेरचं जळतं. मग त्यानं काय केलं माय? कंठात धरलं. आणि त्यांनी चरण उचलला, आणि चरणाच्या टोकाला नेहमीसारखं मागं पाहिलं, झील धरा म्हणून, आणि त्यांची नजर नेमकी वत्सलावर येऊन थांबली. तिच्या घशात सहा महिने धरून ठेवलेलं जे काही होतं ते त्या नजरेनं सुटलं. आवाज चिरका निघाला, सुराच्या वरून गेला. बाया हसल्या. कीर्तन झाल्यावर तिनं बुवांच्या पाया पडून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का, मी गात नव्हते? बुवा म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मग मला ओळीतून काढलं कामून नाही? काढली असती तर आज आवाज कुठून निघाला असता, असं म्हणून ते पेटीचा भाता बांधायला लागले होते.

दार उघडेल असं वाटलं, पण ते कुणीतरी चुकून ढकललं होतं. ज्योती उठून तिच्याजवळ येऊन बसली. ज्योती लिंबायतच्या कापडबाजाराच्या गजबजाटात वाढलेली. मराठी बोलता बोलता कधी गुजरातीत जाईल सांगता यायचं नाही, पण वत्सलाची वेणी गेली तेव्हा, म्हणजे पहिल्या सलाईनांनी केस गेले तेव्हा, हिनंच स्वतःच्या ओढणीचा फेटा तिच्या डोक्याला बांधून दिला होता आणि म्हणाली होती, आई, आता तुम्ही पक्क्या बुवा दिसता. केसांबरोबर जिभेची चवही गेली, आणि केस परत आले तरी ती आली नाही. तिखट नाही, आंबट नाही. गूळ तोंडात घातला तर ओला खडा. तेव्हापासून भाजीचं मीठ ज्योती चाखते. फक्त नैवेद्याला कुणी चाखायचं नाही, तो अंदाजानं. आणि देवाचं जेवण दर सणाला खारट होतं यावर घरात थट्टा चालायची.

म्हणून भुकटीही ज्योतीनंच चाखली होती. पहिल्या महिन्यात वत्सलानं एकवीसच्या एकवीस कॅप्सूल पाण्याबरोबर सरळ गिळल्या, काही मनात न आणता. पण एकादशीला भजनी मंडळात सरलाबाईंनी, ज्यांचा भाचा औषधाच्या दुकानात आहे आणि म्हणून ज्या अर्ध्या डॉक्टर आहेत, टाळ पुसता पुसता सांगितलं, “बायांनो, कॅप्सूलचं टरफल कशाचं असतंय ठाऊक हाय का? जनावराच्या हाडाचं. उकळून उकळून करतेत. माळ घातलेल्यानं शिवू नये.” त्यांनी वत्सलाचं नाव घेतलं नाही. नाव न घेताच बोलायची त्यांची रीत. वत्सला घरी आली आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून बराच वेळ बसून राहिली. एकवीस टरफलं आधीच पोटात गेली होती. तिनं देवाला हात जोडले ते मला माफ कर म्हणून नाही, तर तुला ठाऊक होतं तर मग आधी सांगायचंस की, असं म्हणून. आणि दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी ती ओट्याशी उभी राहिली, कॅप्सूल दोन्ही चिमटीत धरून हलकेच फिरवली, टोपी सुटली, भुकटी चमच्यातल्या मधावर पडली. मऊ, पांढरी, रांगोळीसारखी. ती बघता बघता तिच्या मनात आलं ते तिच्या आधी ज्योतीच्या मनात आलं असावं, कारण दोघी एकदमच थांबल्या. सहीच्या दिवसापासून जे कुणालाच ठाऊक नाही ते चमच्यात पडलं होतं. वत्सलाच्या जिभेला काही कळणार नव्हतं. ज्योतीनं करंगळीचं टोक भुकटीला लावलं, जिभेला लावलं.

“कडू,” ती म्हणाली. “बाप रे आई, कडू जहर. खरी दवा आहे तुमच्यात.”

आणि त्या दिवसापासून घर बदललं. ज्योतीनं आपल्या नवऱ्याला, विकासला सांगितलं, विकासनं बापाच्या कानात ओरडून सांगितलं, आणि आनंदा रात्रपाळीला जाताना उगाच दोनदा वळून हसला. वत्सला जेवू लागली. टिकल्यांच्या दोन साड्या जास्तीच्या मागून घेऊ लागली. बारडोलीला बहिणीच्या घरी बारशाला गेली आणि उसाचा रस पिऊन, चव नसताना, गोड आहे म्हणाली. सगळं त्या एका कडू शब्दावर. आणि त्या शब्दाखाली, भाजीच्या तळाशी लागलेल्या करपीसारखं, तिला जे ठाऊक होतं ते होतं, आणि ते तिनं एकवीस दिवस ढवळलं नव्हतं.

डॉक्टर मॅडम आल्या. बडोद्याच्या मराठी घरातल्या, शुद्ध आणि जरा सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी एक टरफल उजेडाकडं धरून पाहिलं, रागावल्या नाहीत, आणि त्यानंच वत्सलाला जास्त भीती वाटली. “वत्सलाबाई, हे का केलंत?”

“माळ हाय गळ्यात. टरफल हाडाचं असतंय म्हनले.”

“कोण म्हणालं?”

“म्हनले कुणीतरी.” सरलाबाईंचं नाव तिनंही घेतलं नाही.

“आम्हाला विचारायचं होतंत. कॅप्सूल फोडली की औषध पोटात कुठे सुटायचं ते बदलतं. तुमचं सगळं या महिन्याचं तपासणं अडचणीत येतं. आणि दुसरं—”

“मॅडम,” ज्योती मध्येच म्हणाली, “ते भुकटीची चव—”

“नाही,” डॉक्टर मॅडमनी हात वर केला. “ते मला सांगायचं नाही. हेतललाही नाही. तुम्ही जे म्हणाल ते माझ्या डोक्यात राहील, आणि मग यांना मी तपासताना तेच बघेन. शिवाय चवीवरून काही ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. कडू भुकटी खोटी असू शकते आणि बेचव औषध खरं. आता मला वर फोन करून विचारावं लागेल. थांबवा म्हणाले तर माझा इलाज नाही. पांढरी गोळी तुमची सुरूच राहील, ती कुणी बंद करणार नाही.” त्या उठता उठता थांबल्या. “आणि तुम्हाला स्वतःहून सोडायचं असेल तर तेही आत्ताच सांगा. तो तुमचा हक्क आहे. कुणी रागावणार नाही.”

दार पुन्हा लागलं. ज्योती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत म्हणाली, “आई, सोडून देऊ ना आपण. सोडा ना. कशाला उगाच येऊन रक्त द्यायचं, सुया टोचून घ्यायच्या, जर का—” आणि ती थांबली. जर का, यानंतरचं वाक्य ती एकवीस दिवस गिळत आली होती. वत्सलाला ते दिसत होतं. कडू खाल्लेलं माणूस शब्द नंतर काढतं, तोंड आधी वाकडं करतं. पंचवीस वर्षं मागच्या ओळीत उभं राहून तिनं दुसरं काय केलं होतं? बुवाच्या मानेवरून, खांद्यावरून, श्वास कुठं तुटणार ते ओळखायचं. त्या सकाळी ओट्याशी ज्योतीचं तोंड वाकडं झालं नव्हतं. डोळे मिटले नव्हते. भुवया जागच्या हलल्या नव्हत्या. नुसती ती एक क्षण रिकामी उभी राहिली, आणि मग तिनं तो शब्द शोधून आणला. वत्सलानं तो हातात घेतला, जसा घरच्या पोरीनं उशिरा का होईना चहा करून आणला तर तो बिनसाखरेचा आहे हे न सांगता घ्यावा. आणि त्यावर ती एकवीस दिवस जगली होती. भुकटी पिठाची असेल, पण ते जगणं पिठाचं नव्हतं. त्या जास्तीच्या दोन साड्या खऱ्या होत्या, त्यांच्या टिकल्या आज कुणाच्या तरी पदरावर चमकत असतील.

मग आता काय? सोडायचं? तिनं स्वतःला सरळ विचारून पाहिलं, जसं ती देवाला विचारते. समज, मी त्या निम्म्यांतली आहे, जिच्यात काही नाही. पांढरी गोळी एकटीच गातेय आणि मागं माझी ओळ नुसती तोंड हलवतेय. पण मी तिथून निघून गेले तर खऱ्या गाणारीचा आवाज वेगळा कसा कळणार? कुणाशी ताडून बघणार? कुठल्या तरी गावची, बीडची, राजकोटची, तिच्याहून वीस वर्षांनी लहान एक बाई उद्या याच खुर्चीत बसेल आणि तिला कुणी म्हणणार नाही की पथ्यपाणी सांभाळा. तिला म्हणतील ही गोळी, आणि ही तिची जोड, आम्ही बघितलंय. हे तिला चांगलं वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. कारण तिला मरायचं नव्हतं, कुणाच्याही उपयोगासाठी नव्हतं. तिच्या पोटात जे उठत होतं ते दान नव्हतं, ती जिद्द होती. एक मशीन म्हणतं तुझ्यात काही नाही. एक डॉक्टर म्हणाला होता देवाचं नाव घे. एक सरलाबाई म्हणते शिवू नको. आणि हाडात तो बसलाय, भाडं न देता, दार ठोठावत. सगळ्यांनी ठरवून टाकलंय. माझं मी अजून काही ठरवलेलं नाही. सहा महिने नुसतं तोंड हलवणारी कधी गायला लागेल हे कुणाच्या मशीनला कळलंय? आणि देव, तो तर माळेत आहे का टरफलात, हे बघायला बसलेला नाही. ज्यानं विष कंठात धरलं त्याला हाडाचं एवढंसं टरफल सोवळ्यात बसत नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

हेतल आणि डॉक्टर मॅडम एकदमच आल्या. “चालेल म्हणालेत,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “या महिन्याची नोंद जशी आहे तशी जाईल. पण यापुढं अख्खी गिळायची, आणि आजची पहिली आमच्यासमोर. टरफल कशाचं आहे ते मी कंपनीला विचारून घेते. पुष्कळदा झाडपाल्याचंही असतं. आठ दिवसांत उत्तर येईल, तोपर्यंत थांबायचं असेल तर थांबू.”

“आठ दिवस तो थांबंल का?” वत्सलानं कंबरेवर हात ठेवून विचारलं.

डॉक्टर मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

“मंग विचारू नका. झाडपाल्याचं निघालं तर बरंच हाय. आन हाडाचं असलं,” ती म्हणाली, “तर असू द्या हाडाचं. तो हाडात शिरलाय ना? मंग हाडाच्या टरफलाला हाडापर्यंतची वाट तरी ठाऊक असंल. दे गं पोरी.”

हेतलच्या तोंडून हसू निसटलं, आणि मग तिनं नाक पुसलं. नवी बाटली, नवं सील. वत्सलानं कॅप्सूल तळहातावर घेतली. या वेळी तिला वजन होतं. थोडंसंच, चार टिकल्यांएवढं, पण होतं. तिनं माळ पदराखाली ढकलली नाही. उलट बोटानं सरळ केली, मणी पुढं घेतले, देवानंही बघावं म्हणून, आणि पाण्याचा घोट घेतला. कंठाशी ती क्षणभर अडली. मग खाली गेली.

रिक्षात, उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला, ज्योती म्हणाली, “आई.” आणि खूप वेळानं, रिक्षा सुटल्यावर, इंजिनाच्या आवाजात आवाज मिसळून, “कडू नव्हतं ते. काही म्हणजे काहीच नव्हतं. पिठासारखं.”

“ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” वत्सला म्हणाली, आणि हे वाक्य आपण कुठं ऐकलंय ते तिच्या ध्यानात आलं आणि ती मोठ्यानं हसली, इतकी की रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. ज्योती रडत होती. वत्सलानं तिचं डोकं आपल्या बऱ्या बाजूच्या खांद्यावर ओढून घेतलं. “रडू नको. तुह्या कडूवर म्या एकवीस दिवस जेवले. आता बिनकडूचं जेवीन. मीठ मात्र तूच बघत जा.”

शनिवार होता. दिवेलागणीला ती मंडळाच्या कीर्तनाच्या शेडमध्ये गेली तेव्हा बाया टाळ घेऊन उभ्या राहिल्या होत्या. सरलाबाईंनी सरकून जागा केली आणि दुसरीकडं बघत विचारलं, “गेलतीस का दवाखान्यात? कसं करतीस मंग त्या टरफलाचं?”

“गिळलं.”

“काय?”

“टरफलासकट गिळलं. उद्याबी गिळनार. परवाबी.”

सरलाबाईंचा टाळ खाली आला. शेजारच्या दोघी वळून बघू लागल्या. “अगं, माळ हाय तुह्या गळ्यात.”

“हाय की,” वत्सला म्हणाली, आणि मान वर करून गळा उघडा धरला. “ज्याला काढावी वाटते त्यानं म्होरं यावं. म्या काही काढायची न्हाई.”

कुणी पुढं आलं नाही. सरलाबाईंचे ओठ नुसते हलले. तेवढ्यात नागनाथबुवा उभे राहिले. आता सत्तरीला आलेले, रंगाच्या हौदावरून केव्हाच सुटलेले, तरी नखांच्या मुळाशी निळा रंग राहून गेलेला. त्यांनी हात वर केले, चरण उचलला. आवाज पहिल्यासारखा लांब जात नव्हता. शेवटच्या शब्दापाशी तो थरथरला, आणि त्यांनी नेहमीसारखं मागं पाहिलं. ओळीत कुणी उचलेना; सगळ्या अजून सरलाबाईंकडं बघत होत्या. बुवांच्या मानेची शीर ताठली. वत्सलाच्या कंबरेत दार ठोठावलं जात होतं. ठोठाव, ती मनात म्हणाली, मी आत आहे. तिनं टाळ वर घेतला आणि एकटीनंच चरण धरला, सुराच्या जरा वरूनच, चिरका, पण पुरता. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सरलाबाईंचा टाळ वर आला.

तोवर बुवांनी श्वास घेतला होता.